तोमिओकाची रेशीमगिरणी : एक वास्तू आणि तीन पुस्तके

१

जपानच्या गुन्मा प्रांतात तोमिओका नावाचे एक लहान शहर आहे. तेथे १८७२ साली सरकारने सुरू केलेली रेशीमगिरणी एकशे पंधरा वर्षे चालली आणि मार्च १९८७ मध्ये बंद पडली. जून २०१४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्या आवारातील तीन इमारतींना ‘राष्ट्रीय ठेवा’ हा वास्तूंसाठीचा जपानमधील सर्वोच्च दर्जा मिळाला. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जागी काय उभे राहते हे आपण मुंबईत डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे तोमिओकाचा हेवा वाटणे साहजिक आहे. पण प्रस्तुत लेखाचे कारण हेवा हे नाही. मला एक प्रश्न तपासायचा आहे आणि तो बराचसा वाङ्मयीन आहे. गिरणीची इमारत जेव्हा वारसा म्हणून जपली जाते, तेव्हा तिच्याबरोबर कोणते पुस्तक आत येते आणि कोणती पुस्तके दाराबाहेर राहतात?

विटा स्वतःहून बोलत नाहीत. जुन्या इमारतीत शिरणाऱ्या माणसाला ती कशी वाचायची हे कोणीतरी सांगावे लागते. फलक सांगतात, मार्गदर्शक सांगतात आणि त्या दोघांच्याही मागे बहुतेक वेळा एखादे पुस्तक असते. जपानी गिरणीकामगार स्त्रियांविषयी अशी तीन पुस्तके प्रसिद्ध आहेत. वादा एइ यांचे ‘तोमिओका निक्की’ म्हणजे ‘तोमिओकाची रोजनिशी’, होसोई वाकिझो यांचे १९२५ मधील ‘जोको आइशी’ म्हणजे ‘गिरणीकामगार स्त्रियांचा करुण इतिहास’ आणि यामामोतो शिगेमी यांचे नोमुगी खिंडीवरचे १९६८ मधील पुस्तक. यांतले पहिले तोमिओकाच्या इमारतीत शोभून दिसते. उरलेली दोन तेथे कुठे ठेवावीत असा प्रश्न पडतो. माझे म्हणणे असे की, इमारतीने आणि पहिल्या पुस्तकाने एकमेकांना निवडले आहे आणि या निवडीत दोघांचेही नुकसान झाले आहे.

२

आधी इमारत पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्स आणि इटलीत रेशीमकिड्यांवर पेब्रिन नावाचा रोग पडला. पुढे लुई पाश्चरने ज्याचा अभ्यास केला तोच हा रोग. युरोपला रेशीम कमी पडू लागले आणि नुकत्याच परकीय व्यापाराला खुल्या झालेल्या योकोहामा बंदरातून जपानी रेशमाला प्रचंड मागणी आली. मागणीबरोबर भेसळही आली. हाताने काढलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक, मधेच तुटलेला असे. परदेशी व्यापाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. मेइजी सरकारने ठरवले की यंत्रावर धागा काढणारी एक आदर्श गिरणी उभारायची, तिथे मुली शिकवून तयार करायच्या आणि त्यांनी आपापल्या गावी परतून इतरांना शिकवायचे. तोमिओका गिरणी नफ्यासाठी नव्हती, नमुना म्हणून होती. हा मुद्दा पुढे वारंवार लागणार आहे.

योकोहामातील एका व्यापारी पेढीत रेशमाची पारख करणारा पॉल ब्रुना हा फ्रेंच तरुण सरकारने नेमला. योकोसुकाच्या जहाजबांधणी कारखान्यात काम केलेल्या ओग्युस्त बास्तियाँने नकाशे काढले. नकाशे मीटरमध्ये होते आणि सुतारांचा हात शाकू या जपानी मापाला सरावलेला होता. वीट हा प्रकार तिथल्या गवंड्यांना जवळजवळ अपरिचित होता. मग कौले भाजणाऱ्या कारागिरांनी विटा भाजल्या. सिमेंटऐवजी चुन्याचा जपानी लेप वापरला गेला. खिडक्यांची काच आणि बिजागऱ्या फ्रान्सहून आल्या. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या जागेत विटांची भर, अशी ही मिश्र बांधणी आहे. कोष साठवायची दोन गोदामे प्रत्येकी सुमारे १०४ मीटर लांब आहेत आणि धागा काढायचा कारखाना सुमारे १४० मीटर. कारखान्याचे छप्पर लाकडी कैच्यांवर पेललेले असल्यामुळे आत मधे खांब नाहीत. त्या मोकळ्या जागेत तीनशे पात्रे ओळीने मांडली होती. जगातल्या मोठ्या रेशीमगिरण्यांत तिची गणना होत असे.

पात्र म्हणजे गरम पाण्याचे भांडे. कोष त्यात भिजवले की डिंकासारखा पदार्थ सुटतो आणि धाग्याचे टोक हाती लागते. काही कोषांचे धागे एकत्र जुळवून, किंचित पीळ देऊन रिळावर चढवायचे. एखादा कोष संपला की पाण्यातून दुसऱ्याचे टोक उचलून क्षणात जोडायचे. सगळे कसब बोटांत आणि नजरेत. त्यासाठी उजेड हवा, म्हणून भिंतींना एवढ्या खिडक्या. सुरुवातीच्या काळात कामाचे तास सरासरी पावणेआठ होते आणि रविवारी सुटी असे, हे अभिमानाने सांगितले जाते. ते खरे आहे. पण त्यात फ्रेंच शिस्तीइतकाच सूर्याचाही हात होता. दिव्याचा पुरेसा उजेड नसल्यामुळे दिवस मावळला की काम थांबणे भाग होते. पुढे गिरण्यांत दिवे आले, तेव्हा हे नैसर्गिक बंधन सुटले. त्याच खिडक्यांकडे पाहताना एकाला दयाळू मालक दिसतो, तर दुसऱ्याला विजेपूर्वीचा काळ. इमारत दोन्ही वाचनांना जागा देते. फलकावर मात्र सहसा एकच वाचन मावते.

३

गिरणी तयार झाली, पण मुली येईनात. फ्रेंच लोक तांबडी वाइन पितात हे पाहून ते मुलींचे रक्त पितात अशी अफवा पसरली. गिरणीचे पहिले संचालक ओदाका आत्सुतादा यांनी अखेर आपल्याच किशोरवयीन मुलीला, यू हिला, कामावर घातले. सरकारने प्रांतोप्रांती मुलींचा वाटा ठरवून दिला. सामुराई वर्गाचे पगार-विशेषाधिकार तेव्हा जात होते. त्या घरांतल्या मुली मोठ्या संख्येने आल्या.

एइ ही त्यांतलीच एक. जन्म १८५७, माहेरचे आडनाव योकोता, गाव आजच्या नागानो प्रांतातील मात्सुशिरो. तिचे वडील पूर्वीचे सामुराई. मुली पाठवायची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि कोणी पाठवेना, म्हणून त्यांनीही स्वतःची मुलगी पाठवली. १८७३ च्या एप्रिलमध्ये गावच्या पंधरा जणींबरोबर ती तोमिओकाला पोहोचली आणि १८७४ च्या जुलैत परतली. ‘तोमिओका निक्की’ ही त्या सव्वा वर्षाची हकीकत आहे.

नावात रोजनिशी असली तरी ती रोजच्या रोज लिहिलेली नाही. एइने ती १९०७ पासून पुढे, पन्नाशीत लिहायला घेतली. तेव्हा ती एका अधिकाऱ्याची पत्नी होती, प्रौढ होती, मान राखून होती. मधल्या तीसेक वर्षांत जपानने दोन युद्धे जिंकली होती आणि रेशमाच्या निर्यातीत तो चीनला गाठत आला होता. १९०९ मध्ये त्याने चीनला मागे टाकले. म्हणजे या पुस्तकातली सोळा वर्षांची मुलगी एका विजयी देशातल्या बाईच्या आठवणीतून आपल्याकडे येते. हे ध्यानात घेतले की पुस्तकातला उजेड कुठून येतो ते कळते. पहिल्यांदा कारखान्यात शिरताना चकाकणारे पितळ पाहून दिपलेले डोळे, १८७३ च्या उन्हाळ्यात सम्राज्ञी गिरणी पाहायला आली तो दिवस, ‘पहिल्या दर्जाची कामगार’ म्हणून नाव लागले तेव्हाचा आनंद, हे सगळे तिने मन लावून लिहिले आहे.

पण हे पुस्तक केवळ आनंदाचे नाही. त्यातला एक प्रसंग मला त्याचा कणा वाटतो. मात्सुशिरोच्या मुलींना आल्यावर कोष निवडायच्या खात्यात बसवले होते. ते काम कंटाळवाणे. धागा काढायला शिकणे हे त्यांचे उद्दिष्ट. पुढची तुकडी आली की तुम्हाला यंत्रावर घेऊ, असे आश्वासन त्यांना मिळाले होते. मग यामागुची प्रांतातून मुली आल्या आणि त्यांना थेट यंत्रावर बसवण्यात आले. मात्सुशिरोच्या मुली रडल्या, चिडल्या आणि त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार नेली. फ्रेंचांची चूक झाली असे सांगून त्यांची समजूत काढण्यात आली. यामागुची म्हणजे जुने चोशू. मेइजी सत्तांतर घडवणाऱ्या आणि नव्या सरकारात वरचढ असलेल्या गटाचा तो प्रांत. एइ हा राजकीय अर्थ मोठ्या आवाजात सांगत नाही. पण देशाचे काम म्हणून घर सोडून आलेल्या मुलीला पहिल्याच महिन्यांत कळते की देशात काही प्रांत अधिक देशाचे आहेत. तिने ही गोष्ट तीस वर्षांनंतरही विसरलेली नाही.

दुसरी गोष्ट गिरणीच्या बाहेरची आहे. परत गेल्यावर एइ मात्सुशिरोजवळ उभारलेल्या रोक्कोशा या खासगी गिरणीत शिकवू लागली. तोमिओकात जे पितळेचे आणि लोखंडाचे होते ते इथे लाकडाचे आणि मातीचे होते. सरकारी गिरणीत वाईट कोष बाजूला टाकायला परवानगी होती. इथे प्रत्येक कोषाचा हिशेब होता. शिकून आलेल्या मुली प्रतीचा आग्रह धरतात, चालकांना वजन हवे असते आणि खटके उडतात. नमुना गावात उतरला की त्याला बाजाराचे नियम लागू होतात, हे या भागातून दिसते. एइच्या लेखनाचा हा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून अधिक मोलाचा वाटतो. तोमिओकाची ओळख करून देणाऱ्या मजकुरात मात्र तो क्वचित येतो. तिथे येते ती चकाकणाऱ्या पितळेपुढे उभी राहिलेली मुलगी. पुस्तकाचे नुकसान झाले म्हणतो ते या अर्थाने. भांडणारी, हिशेब समजणारी बाई गेली आणि फलकावरची हसरी मुलगी उरली.

४

आता उरलेली दोन पुस्तके. सरकारी गिरणी तोट्यात चाले. ब्रुना १८७५ च्या अखेरीस गेला. १८९३ मध्ये गिरणी मित्सुईला विकली गेली, १९०२ मध्ये हारा कंपनीकडे आणि १९३९ मध्ये काताकुराकडे गेली. पण तोवर जपानी रेशमाचे केंद्र तोमिओकाहून दूर, नागानो प्रांतातील सुवा सरोवराकाठच्या ओकाया परिसरात सरकले होते. तिथल्या उद्योजकांनी फ्रेंच आणि इटालियन पद्धतींची सरमिसळ करून लाकूड आणि मातीची भांडी वापरणारे स्वस्त यंत्र बनवले. शेकडो गिरण्या उभ्या राहिल्या. डोंगरापलीकडच्या हिदा भागातून गरीब शेतकऱ्यांच्या मुली आगाऊ रकमेच्या करारावर येत. करारावर सही बापाची असे. दिवस तेरा-चौदा तासांचा असे. मजुरी मुलींची आपसांत तुलना करून ठरे. एकूण रक्कम जवळपास ठरलेली असल्यामुळे एकीची वाढ ही दुसरीची कपात होई. ‘पहिला दर्जा’ हा शब्द एइच्या पुस्तकात अभिमानाचा आहे. तोच दर्जा ओकायात पगारपत्रकाचे हत्यार झाला. एकच शब्द दोन ठिकाणी किती वेगळा अर्थ घेतो, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

होसोई वाकिझोने लिहिले ते सूतगिरण्यांबद्दल. तो स्वतः लहानपणापासून गिरणीत राबलेला. ‘जोको आइशी’त भरतीचे दलाल, वसतिगृहाची कुंपणे, रात्रपाळी, दंड, आजार आणि मुलींची गाणी असे सगळे तपशील येतात. पुस्तक १९२५ च्या जुलैत निघाले आणि पुढच्याच महिन्यात अठ्ठाविसाव्या वर्षी होसोई वारला. या पुस्तकाला एक दुसरी लेखिका आहे, जिचे नाव मुखपृष्ठावर नव्हते. त्याची सहचरी तोशिओ हीही गिरणीकामगार होती. तिच्या मजुरीवर घर चालले आणि तिचे अनुभव पुस्तकात उतरले. विवाहाची कायदेशीर नोंद नसल्यामुळे मानधनावरही तिचा हक्क राहिला नाही. पुढे ताकाई तोशिओ या नावाने तिने १९८० मध्ये ‘माझा जोको आइशी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे आत्मकथन प्रसिद्ध केले. बायकांच्या श्रमाच्या करुण इतिहासातूनच एका बाईचा श्रम वगळला गेला होता. इमारती निवडताना जे घडते ते पुस्तकांच्या बाबतीतही घडत असते.

यामामोतो शिगेमीचे पुस्तक मौखिक इतिहासाचे आहे. हिदाहून ओकायाला जाताना १६७२ मीटर उंचीची नोमुगी खिंड ओलांडावी लागे. वर्षअखेरीस मुली बर्फातून घरी परतत. १९०९ मध्ये मासाई मिने ही आजारी कामगार मुलगी, भाऊ तिला पाठुंगळी घेऊन घरी नेत असताना, याच खिंडीत गेली. तिचे आणि भावाचे दगडी शिल्प आता तिथे उभे आहे. १९७९ मध्ये यावर चित्रपट निघाला आणि जपानच्या मनात रेशीमगिरणी म्हणजे नोमुगी हे समीकरण पक्के झाले.

पण हे पुस्तकही त्याच्या कीर्तीपेक्षा गुंतागुंतीचे आहे. यामामोतोने शेकडो म्हाताऱ्या बायकांना प्रश्न विचारले. बहुतेकींनी सांगितले की गिरणीतले जेवण घरच्यापेक्षा बरे होते आणि आपण गेलो ते चांगले झाले. करुण इतिहास ऐकायला गेलेल्याला हे उत्तर अडचणीचे आहे. यावरून गिरण्या चांगल्या होत्या असे ठरत नाही. हिदाची शेती किती क्रूर होती एवढे मात्र नक्की ठरते. म्हातारपणच्या स्मृतीला आपले आयुष्य वाया गेले म्हणणे जड जाते हेही खरे. पन्नाशीतली एइ आणि यामामोतोसमोर बसलेल्या या बायका इथे एकमेकींच्या जवळ येतात. इ. पॅट्रिशिया त्सुरुमी यांनी १९९० मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात सुरुवातीच्या सामुराई मुली आणि नंतरच्या शेतकरी मुली यांच्यातला फरक स्पष्ट मांडला आहे. तो फरक मान्य करूनही मला वाटते की, दोघींनाही स्वतःच्या कामाचा अभिमान होता, आणि तो अभिमान मालकाच्या कौतुकात जमा करता येत नाही.

५

आता परत इमारतीकडे येऊ. १९८७ मध्ये उत्पादन थांबल्यावर काताकुरा कंपनीने गिरणी विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, पाडायची नाही असे धोरण ठरवले आणि अठरा वर्षे स्वतःच्या खर्चाने ती राखली. २००५ मध्ये इमारती तोमिओका शहराच्या स्वाधीन झाल्या. उद्योगजगतात असे उदाहरण दुर्मीळ आहे आणि त्याचे श्रेय कंपनीला दिलेच पाहिजे. पण काताकुरा ही मूळची ओकाया परिसरातलीच कंपनी. तिची भरभराट ज्या पद्धतीवर झाली तिचे वर्णन नोमुगीच्या पुस्तकात सापडते. म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या इतिहासातून आलेल्या पैशाने पहिल्या प्रकारच्या इतिहासाची इमारत वाचली. यात मला कोणाचा कावा दिसत नाही. भव्य, सरकारी, सम्राज्ञीने भेट दिलेली गिरणी जपावीशी वाटते. लाकडी शेडची गिरणी तोट्यात गेली की तिची जागा मोकळी केली जाते.

यंत्रांची गोष्ट याहून बोलकी आहे. तोमिओकाच्या कारखान्यात आज दिसतात ती उत्तरकाळातली निस्सानची स्वयंचलित यंत्रे. फ्रान्सहून आलेल्या मूळ यंत्राचा जपून ठेवलेला भाग पाहायचा तर ओकायाच्या रेशीम संग्रहालयात जावे लागते. त्या संग्रहालयात एक चालू गिरणीही आहे आणि तिथे धागा अजून निघतो. म्हणजे भिंती एका गावात आणि त्या भिंतींतले मूळ यंत्र दुसऱ्या गावात. ज्याला पूर्ण इतिहास हवा त्याला दोन्हीकडे जावे लागेल, आणि मधल्या वाटेत खिंड आहे हेही विसरता येणार नाही.

राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या तीन इमारती कोणत्या? कोषांची दोन गोदामे आणि धाग्याचा कारखाना. म्हणजे माल ठेवायच्या जागा आणि यंत्राची जागा. एइ ज्या वसतिगृहात राहिली ते आज नाही. आवारातली उभी असलेली वसतिगृहे नंतरच्या काळातली आहेत. ब्रुनाचा प्रशस्त बंगला आहे. मुली झोपत, आजारी पडत, पत्रे लिहीत ती मूळ जागा नाही. एइच्या एका सोबतिणीला बेरीबेरी झाला होता. तिची शुश्रूषा एइने केली. असे प्रसंग ज्या खोल्यांत घडले त्या गेल्या. सगळ्याच आजारी मुली बऱ्या झाल्या नाहीत. तोमिओकातील र्युकोजी मंदिराच्या स्मशानभूमीत गिरणीत असताना वारलेल्या मुलींची थडगी आहेत. आदर्श गिरणीलाही थडगी होती.

जागतिक वारसा नोंदीचा तर्क पाहिला तर हे सारे समजते. नोंद आहे तंत्रज्ञानाच्या देवघेवीची: फ्रान्सकडून जपानकडे आणि नंतर जपानकडून जगाकडे. तोमिओकाबरोबर आणखी तीन स्थळे आहेत. ताजिमा याहेइ यांचे रेशीमकिडे पाळण्याचे घर, ताकायामा-शा ही किडेपालनाची शाळा आणि अंडी थंड ठेवण्याचे आराफुने येथील दगडी शीतगृह. किडा, अंडी, कोष, धागा अशी साखळी उत्तम जुळली आहे. ओकायाची एकही गिरणी तीत नाही. किड्याचे घर वारसा झाले, मुलीचे झाले नाही, असे म्हटले तर ते थोडे कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप असा: एका इमारतीवर सगळ्या जपानच्या दुःखाचे ओझे कशाला? तोमिओकात जे घडले नाही ते तोमिओकाने का सांगावे? आक्षेप मला अर्धा मान्य आहे. प्रत्येक स्थळाने आपल्यापुरते खरे सांगावे. पण तोमिओकाचा दावा आपल्यापुरता नाही. आपण नमुना होतो, आपल्यापासून देशभर गिरण्या पसरल्या, हाच तिच्या महत्त्वाचा आधार आहे. मग पसरल्यावर काय झाले ते तिच्या कहाणीबाहेर कसे ठेवता येईल? रोक्कोशातल्या मातीच्या भांड्यांपासून ओकायाच्या पगारपत्रकापर्यंतची वाट एइच्याच पुस्तकाच्या उत्तरार्धात सुरू होते. तोमिओकाने परके पुस्तक आणायची गरज नाही. आपले पुस्तक शेवटपर्यंत वाचले तरी पुरे.

६

हे सर्व मराठीत का लिहायचे? एक धागा थेट आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कायशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मिळून मुंबई-जपान जहाजवाहतूक सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. जपानच्या सूतगिरण्या हिंदुस्थानी कापूस मोठ्या प्रमाणावर वापरत. होसोईच्या पुस्तकातल्या मुलींच्या छातीत जो कापसाचा तंतू बसला, त्यातला काही आपल्या काळ्या मातीतला असणार. आणि त्याच जपानी सुताची स्पर्धा मुंबईच्या गिरण्यांना पुढे जड गेली.

दुसरा धागा आपल्या आजच्या प्रश्नाचा आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९९१ च्या विकास नियमावलीतील अठ्ठावन्नावा नियम आणि त्यात २००१ साली झालेला बदल यांनी गिरण्यांच्या जमिनींचे काय व्हायचे ते ठरवले. इमारती बहुतेक गेल्या. कुठे कुठे चिमणी शोभेला राहिली. पण पुस्तके राहिली. नारायण सुर्वे यांची कविता आहे. संपानंतरच्या घराची पडझड दाखवणारे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ आहे. त्यांच्याच ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास आहे. तोमिओकात वास्तू पूर्ण आणि पुस्तक अर्धे, मुंबईत पुस्तके भरपूर आणि वास्तू जवळजवळ नाही, अशी ही उलटी स्थिती आहे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रसंग्रहालय उभारण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले आहे. ते पुरे झाले तर आपल्याकडेही एक भिंत असेल आणि तिला शब्द लागतील. तेव्हा कोणते शब्द निवडले जातील, हा माझ्या लेखामागचा खरा प्रश्न आहे. दावर आणि पेटिट यांच्या उद्यमशीलतेची गोष्ट भिंतीवर सहज बसेल. लँकेशायरची यंत्रे कशी आली ही तंत्रज्ञानाची गोष्टही बसेल. संपाची गोष्ट कदाचित एका दालनात येईल. पण गिरणगावाचा मोठा भाग गिरणीच्या भिंतीबाहेर होता. पाळ्यांनी झोपणाऱ्या पुरुषांच्या चाळीतल्या खोल्या, कोकण आणि घाटावरची गावमंडळे, तालमी, भजनी मंडळे आणि विशेषतः खानावळी. गावाकडून एकटे आलेल्या कामगाराला दोन वेळचे जेवण घालणाऱ्या बायका कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नव्हत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा त्यांच्या श्रमाला पहिल्यांदा संघटित नाव मिळाले. गिरणीच्या चार भिंतींत उभारलेल्या संग्रहालयात ती चूल कुठे मांडणार? तोमिओकाच्या ठेव्यात वसतिगृह नाही. आपल्या संग्रहालयात खानावळ नसेल, तर आपण वेगळे काही केले असे होणार नाही.

आपल्याकडच्या अडचणीत एक संधीही आहे. तोमिओकाची भिंत आधी होती आणि तिला साजेसा मजकूर नंतर निवडला गेला. आपल्याकडे मजकूर आधीच लिहून झाला आहे, तोही एका आवाजात नाही. त्यात अभिमान आहे, भांडण आहे, संपाविषयीचे मतभेद आहेत, संपानंतर घर चालवणाऱ्या बायका आहेत. तो मजकूर समोर ठेवून दालनांचा आराखडा करता येईल. ते करायचे तर संग्रहालय उभारणाऱ्यांच्या बैठकीत वास्तुविशारदांबरोबर ही पुस्तके वाचलेली माणसे आणि ज्यांच्याविषयी ती लिहिली गेली ती माणसे बसली पाहिजेत. १९८२ साली वीस-पंचवीस वर्षांचा असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. एइने पन्नाशीत लिहिले आणि यामामोतोला म्हाताऱ्या बायका बोलत्या सापडल्या. हा अवधी आपल्यालाही फार काळ मिळणार नाही.